राहूची जात

सोमवारी सकाळी साडेसात ते नऊ हा वेळ अस्पृश्य आहे. त्याला शिवायचं नाही. त्या दीड तासात दुकान उघडायचं नाही, नोकरीवर हजर व्हायचं नाही, पोरगी बघायला निघायचं नाही, नव्या घराची चौकट बसवायची नाही. मंगळवारी तो वेळ दुपारी तीन ते साडेचार. बुधवारी भर बाराला. रविवारी साडेचार ते सहा, दिवस बुडताना. आठवड्याचे सातही दिवस रोज एक तुकडा दिवसाच्या गावकुसाबाहेर काढून ठेवलेला. त्याचं नाव राहुकाळ.

हे वेळापत्रक आपल्यापैकी किती जणांना तोंडपाठ आहे ते एकदा आपापल्या घरात विचारून बघा. मी विचारलं. ज्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, बुद्ध आहेत, त्याच भिंतीला खिळ्यावर पंचांगवालं कॅलेंडर. असू दे की. दुधाचा हिशेब, गॅसची टाकी कधी लावली, पोराची परीक्षा, सगळं त्याच्यावरच लिहितात आमच्या बाया. कॅलेंडरशी आपलं भांडण नाही. भांडण आहे ते एम. कॉम. झालेल्या, सकाळी वंदना म्हणून घराबाहेर पडणाऱ्या पोराशी. तो मोबाईलवर राहुकाळ बघतो आणि भरतीचा फॉर्म शेवटच्या दिवशी दीड तास उशिरा भरायला बसतो. तोवर सर्व्हर आडवा. फॉर्म गेला, वर्ष गेलं. असे दोघे मी ओळखतो. नावं सांगत नाही, लेकरं आपलीच आहेत.

तर हा राहू कोण?

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण ती आपल्या डोळ्यांनी कुणी वाचत नाही. देव-दानवांनी मिळून समुद्र घुसळला. घाम दोघांचा. अमृत निघालं तेव्हा पंगत एकट्या देवांची बसली. एक दानव वेष बदलून त्या पंगतीत जाऊन बसला आणि त्यानं घोट घेतला. सूर्य-चंद्रांनी चुगली केली, विष्णूनं चक्र सोडलं, मुंडकं एकीकडं, धड एकीकडं. मुंडकं राहू, धड केतू. गुन्हा काय? पंगतीत बसला. भांड्याला तोंड लावलं. ही गोष्ट ज्यानं रचली त्याला आपलं गाव चांगलं ठाऊक होतं. अमृत म्हणजे तरी काय, शेवटी पाणीच. 20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्यावर ओंजळ भरणाऱ्यांवर लाठ्या घेऊन धावलेल्यांनी विष्णूचीच नोकरी केली.

हे मी ओढूनताणून म्हणतोय असं कुणाला वाटेल. मग फलज्योतिषाच्या पोथ्या उघडा. तिथं ग्रहांनासुद्धा वर्ण आहेत. गुरू आणि शुक्र ब्राह्मण. रवी आणि मंगळ क्षत्रिय. शनी कुठं शूद्र, कुठं अंत्यज. राहू चांडाळ. पत्रिकेत गुरू आणि राहू एका घरात आले की त्या योगाचं नाव ‘गुरुचांडाळ’. म्हणजे बामण ग्रहाला चांडाळ ग्रहाचा विटाळ झाला. आता शांती करा, दक्षिणा ठेवा. टीव्हीवर रोजचं भविष्य सांगणारे हा शब्द बिनदिक्कत उच्चारतात. जमिनीवर जातीवरून शिवी दिली तर ॲट्रॉसिटीचा गुन्हा होतो, आभाळात दिली की शास्त्र होतं!

आणि लग्नाचे ते छत्तीस गुण? त्यातला पहिलाच गुण वर्णाचा. कर्क, वृश्चिक, मीन या राशी ब्राह्मण. मेष, सिंह, धनू क्षत्रिय. वृषभ, कन्या, मकर वैश्य. मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. मुलाचा वर्ण मुलीच्या बरोबरीचा नाहीतर वरचा पाहिजे, तरच तो गुण पदरात पडतो. 25 डिसेंबर 1927 ला मनुस्मृती जाळली, आणि तिचा अनुलोम-प्रतिलोम आमच्या वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर ‘रास’, ‘नक्षत्र’, ‘गण’ अशा रकान्यांत मांडी घालून बसलाय. असे फॉर्म मी या हातांनी भरलेत, भावकीतल्या पोरींसाठी. रकाना मोकळा ठेवला की समोरचा विचारतो, ‘दादा, पत्रिका नाही काय?’

राहू आमच्या जातीचा, ही नुसती पोथीतली गोष्ट नव्हती. गावोगाव तिचा व्यवहार होता. कुठं राहूला मांग म्हणायचे, कुठं महार, केतू उरलेला. म्हणून गिराण लागलं की ते सुटावं यासाठी दान कुणाला द्यायचं? महार-मांगाला. ‘दे दान, सुटे गिराण’ असं ओरडत आमची माणसं गावातनं फिरायची. आमच्या आजीनं हे केलेलं. ती सांगायची, ‘गिराण लागलं की वरल्या आळीच्या बाया दारं लावून आत. पानी पियाचं न्हाई, चूल पेटवायची न्हाई. अन् आमी पाट्या घिऊन रस्त्यावर. तेवढा येळ सारा गाव आमचा.’ पाटीत काय पडायचं? जुनेर, मूठभर दाणे, घरातलं टाकाऊ. त्याला दान म्हणायची पद्धत. माझ्या मते ती विटाळ उचलण्याची मजुरी होती, मेलेलं जनावर ओढण्यासारखी. मी लहान असताना तिला विचारलं होतं, ‘आजी, तुम्ही ओरडला नाहीत तर चंद्र सुटला नसता का?’ म्हातारी हसली. म्हणाली, ‘लेका, पाटी भरूपतुर वरडायचं. चांद त्याचा तो सुटतुया.’

तिला कळलं होतं. एम. कॉम. वाल्याला अजून कळायचंय.

आता पंचांगाकडं येऊ. फाडून टाका, जाळून टाका म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी म्हणतो, आधी वाचा. जे वाचता येत नाही त्याची भीती जात नाही. फाडलं तरी ती उशाशी राहते.

पंचांग म्हणजे पाच अंगं: तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. ऐकायला जड, आत बघितलं तर शाळेतलं गणित. सूर्य आणि चंद्र आभाळात एका रेषेला आले की अमावास्या. तिथनं चंद्र पुढं पळतो. दोघांत बारा अंशांचं अंतर पडलं की एक तिथी संपली, चोवीस अंशांना दुसरी. 360 ला 12 ने भागा, तीस तिथ्या, एक महिना. चंद्र कधी भरभर जातो, कधी रमतगमत, म्हणून तिथी कधी वीसेक तासांत आटपते, कधी सव्वीस तासांच्याही पुढं जाते. सूर्य उगवताना जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. एखादी तिथी सूर्योदयानंतर लागली आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाआधी संपली, तर ती कुठल्याच दिवसाच्या वाट्याला येत नाही. हा तिथीचा क्षय. दोन सूर्योदय गाठले तर वृद्धी. क्षय शब्द ऐकून आमची माणसं दचकतात. हिशेबातली खोट आहे ती, रोग नव्हे.

नक्षत्र म्हणजे चंद्राच्या वाटेचे सत्तावीस सारखे तुकडे; आज चंद्र कुठल्या तुकड्यात आहे ते. करण म्हणजे अर्धी तिथी. ज्या भद्रेला लोक टरकतात ती भद्रा म्हणजे विष्टी नावाचं एक करण, महिन्यातनं आठदा ठरल्या जागी येणारं. योग ही तर निव्वळ कागदावरची बेरीज: सूर्याचे अंश अधिक चंद्राचे अंश, त्याचे पुन्हा सत्तावीस भाग. आभाळात बोट दाखवून ‘तो बघ व्यतिपात’ असं कुणालाच म्हणता येणार नाही.

चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सूर्याचं 365 चं. अकरा दिवसांची तूट साठत जाते आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जादा घालून मेळ बसवतात. 2023 ला दोन श्रावण आले ते यामुळं. चांगली, हुशारीची सोय आहे. पण त्या जादा महिन्याला नाव काय दिलं? मलमास. मळका महिना! शुभकार्य बंद, जावयाला मात्र तेहतीस अनारसे. हिशेब जुळवायला ज्याला बोलावला त्यालाच उंबऱ्याबाहेर उभं केलं. ही खोड कुणाची ते सांगायला नको.

रोजची वेळ मोजायचं तंत्र तर साधं, देखणं होतं. बुडाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं पाण्यात सोडायचं. भरून बुडालं की एक घटका, आपली 24 मिनिटं. ‘घटका भरली’ म्हणतो ते तिथनं आलं. दिवसरात्रीच्या साठ घटका, दोन घटकांचा एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटं. मुहूर्त हे मुळात माप आहे, शेर-पायलीसारखं. शेर काय शुभ असतो?

इथपर्यंत माझं कुणाशी भांडण नाही. दर्यावरच्या कोळ्याला तिथी लागते. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. मुंबईच्या किनाऱ्याला पुनवेची भरती बाराच्या सुमारास येते आणि रोज पाऊण तासानं पुढं सरकते. म्हणून तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजी वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास. त्याला कुठल्या जोशाला विचारावं लागत नाही. शेतकऱ्याला मृग लागतो, आर्द्रा लागते, हस्ताचा पाऊस लागतो. ही सूर्याची नक्षत्रं, म्हणून मृग दरवर्षी जूनच्या सात-आठ तारखेलाच. खरं ज्ञान आहे हे, राबणाऱ्या माणसांनी डोळ्यांनी मिळवलेलं. त्याच पानावर मात्र ‘वाहन म्हैस’, ‘वाहन बेडूक’ छापतात, म्हणजे पाऊस कसा पडेल ते. ते काढतात कसं? सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं, बाकी उरेल ते जनावर. भागाकाराच्या बाकीवर कुणब्यानं पेरा करायचा!

राहुकाळ याच भागाकाराचा भाऊ. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत दिवसाचे आठ तुकडे करा. सोमवारी दुसरा तुकडा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा, रविवारी आठवा. संपलं शास्त्र. सहा ते सहाचा दिवस धरला तर साडेसात ते नऊ वगैरे वेळा निघतात, त्याच सगळीकडं छापल्या जातात. खरं तर मुंबईला डिसेंबरात दिवस अकरा तासांचा, म्हणजे तुकडा 82 मिनिटांचा. जूनमध्ये सव्वातेरा तासांचा, तुकडा 99 मिनिटांचा. नागपूरला सूर्य मुंबईच्या साधारण 25 मिनिटं आधी उगवतो. म्हणजे यांच्याच नियमानं नागपूरचा राहुकाळ मुंबईत चालत नाही. भिणाऱ्यानं निदान बरोबर वेळेला तरी भ्यावं!

आणि यात राहू कुठाय? चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला सुमारे पाच अंशांनी तिरकी आहे. त्या दोन वाटा दोन जागी छेदतात, त्या जागांना राहू आणि केतू म्हणतात. तिथं दगड नाही, माती नाही. नुसता छेद. तो छेद सरकत सरकत सुमारे साडेअठरा वर्षांत आभाळाची फेरी पुरी करतो. राहू असा सारखा जागा बदलतोय आणि राहुकाळ आपला दर सोमवारी साडेसातला हजर. एस.टी.सुद्धा इतकी वेळेवर येत नाही.

बरं, सोमवार तरी कुणाचा? वेदांग ज्योतिषात वारांचा पत्ता नाही. सात ग्रहांचे सात वार बाहेरनं आले. ज्या ‘होरे’वरनं वारांचा क्रम लागतो तो शब्दच ग्रीक. ‘यवनजातक’ ही संस्कृत पोथी आपल्या नावातच यवन मिरवते. वराहमिहिरानं सहाव्या शतकात जे पाच सिद्धान्त मांडले त्यात एक रोमक, एक पौलिश. कोरीव लेखांत वाराचा उल्लेख येतो तो मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभावर, बुधगुप्ताच्या काळात, 484 साली, गुरुवार. घेतलं ते चांगलंच केलं. गणिताला जात नसते. पण मग सोमवारचा राहुकाळ सनातन कसा? अरे, सोमवारच पाहुणा.

म्लेंच्छाची सावली पडली तर आंघोळ करणाऱ्यांनी म्लेंच्छाचं गणित मुकाट घरात घेतलं, आणि घरात घेतल्यावर आतनं कडी लावली. आम्हाला काय दिलं? गणित नाही, निकाल दिला. ‘आज चालतं, आज चालत नाही.’ तेवढ्यासाठी गावजोशाचं वतन होतं. लग्न असो, मरण असो, त्याचा हक्क ठरलेला. जोतीरावांनी 1869 ला ‘ब्राह्मणांचे कसब’ लिहून हा धंदा उघडा केला. सत्यशोधकांनी भटाविना लग्नं लावली तेव्हा जोशी आपल्या दक्षिणेसाठी कोर्टात गेले, काम केलं नाही तरी पैसे द्या म्हणून. मुंबई इलाख्यात 1926 ला कायदा होऊन हा सक्तीचा हक्क गेला. त्यासाठी झटले ते सीताराम केशव बोले, 1923 ला सार्वजनिक पाणवठ्यांचा ठराव आणणारे तेच. पाणी आणि वेळ, दोन्हीची कुलपं एकाच माणसाला दिसली होती. शंभर वर्षं होत आली. सक्ती गेली आणि आपण आता आपल्या पैशानं ॲप उतरवून घेतोय.

बुद्धानं या बाबतीत काय केलं ते बघा, कारण ‘आपण बौद्ध, आपल्याला पंचांगाशी काय’ म्हणणारे तेवढंच अर्धं सांगतात. दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात ग्रहण, नक्षत्र, शुभाशुभ सांगून पोट भरण्याला हलकी विद्या म्हटलंय. नक्खत्तजातकात मुहूर्त बघत बसलेल्यांची नवरी दुसऱ्याच्या घरी जाते. हे झालं अर्धं. दुसरं अर्धं विनयपिटकात. लोक भिक्खूंना विचारायचे, आज पंधरवड्याचा कितवा दिवस? भिक्खूंना सांगता येईना, लोक हसले. तेव्हा बुद्धानं पंधरवडा मोजायला शिकायची परवानगी दिली. कुणी शिकायचं? सगळ्यांनी. संघात उपाली न्हावी होता, सुनीत झाडूवाला होता. त्या ‘सगळ्यां’त ते आले. रानात राहणाऱ्या भिक्खूंनी नक्षत्रं आणि दिशा ओळखाव्यात असंही सांगितलं. मोजणी सगळ्यांच्या हातात आणि भाकीत बंद, असा तो मामला.

दर वर्षी वस्तीत वाद होतो: धम्मचक्र प्रवर्तन दिन दसऱ्याला की 14 ऑक्टोबरला? 1956 ला दोन्ही एकाच दिवशी, रविवारी आले होते. बाहेरचे टोमणा मारतात, ‘तुमच्या बाबासाहेबांनीसुद्धा साडेतीन मुहूर्तांतला एक धरला की!’ यावर आपले कार्यकर्ते गप्प होतात, नाहीतर हातघाईवर येतात. गप्प का व्हायचं? आपल्याकडं तो दिवस अशोकाच्या विजयादशमीचा, आणि त्याच दिवशी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत ब्राह्मणाच्या हातनं क्रियाकर्म न करण्याची प्रतिज्ञा आहे. मुहूर्त बघणारा मुहूर्तवाल्याचीच भाकरी बंद करत नाही. बुद्धपौर्णिमा आपण तिथीनंच करतो, त्यात कमीपणा नाही. तिथी का सरकते हे सांगता आलं म्हणजे झालं. ते सांगता येत नाही, खरी अडचण तिथं आहे.

एक माणूस आपल्या पोरांना माहीत पाहिजे. मेघनाद साहा. डाक्क्याजवळच्या खेड्यातल्या एका किरकोळ दुकानदाराचा मुलगा, कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीपायी वेगळा जेवायला बसवलेला. पुढं जगातला मोठा शास्त्रज्ञ. 1952 ला सरकारनं त्यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली, 1955 ला अहवाल आला. देशात तीसेक पंचांगं, एकाचं एकाला जुळत नाही. सूर्य उत्तरेकडं वळतो 22 डिसेंबरच्या सुमारास आणि आपण तीळगूळ वाटतो 14 जानेवारीला. ऋतू पुढं निघून गेले, पंचांग तेवीस दिवस मागं. साहांनी ते सरळ केलं. 22 मार्च 1957 पासून 1 चैत्र 1879 अशी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. वेगळ्या पंगतीतल्या माणसानं देशाला वेळ लावून दिली, आणि देशानं ती राजपत्राच्या मथळ्यावर छापून ठेवून दिली. लग्नं जुन्याच पंचांगावर ठरतात.

उलट 2001 ला विद्यापीठ अनुदान आयोगानं ज्योतिष विद्यापीठात आणलं. शास्त्रज्ञ कोर्टात गेले, 2004 ला सुप्रीम कोर्टानं त्यात हात घालायला नकार दिला. इकडं पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी 2008 ला साधी परीक्षा घेतली: या पत्रिका हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या, कुठली कुणाची ते ओळखा. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं दिली. बरोबर आली सरासरी 46 टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती. दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 ला गोळ्या घातल्या. नाण्यानं सांगितलेलं सहन होतं, माणसानं सांगितलेलं होत नाही.

एक तारीख वहीत लिहून ठेवा. 2 ऑगस्ट 2027. आषाढ अमावास्या, सोमवार. त्या दिवशी सूर्यग्रहण आहे. खग्रास दिसेल ते इजिप्त-अरबस्तानाकडं. आपल्याकडं महाराष्ट्रात खंडग्रास, दुपारनंतर. सोमवारचा राहुकाळ सकाळी साडेसात ते नऊ. म्हणजे खरं ग्रहण लागणार दुपारी, आणि राहूची ‘वेळ’ सकाळीच संपून गेलेली. पावसाचे दिवस आहेत, ढग असले तर नाइलाज. नसले तर पोरांना विहाराच्या मैदानावर काढा. नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडं बघू देऊ नका. पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडा, उन्हात धरा, खाली पांढरा कागद ठेवा. कागदावर चतकोर भाकरीएवढा नाही, नखाएवढा सूर्य पडेल, एका बाजूनं खाल्लेला. पोरांना तो पेन्सिलीनं दर दहा मिनिटांनी गिरवायला सांगा, शेजारी वेळ लिहायला सांगा. आणि चहा-पोह्यांची सोय तिथंच ठेवा, ग्रहण चालू असताना.